ईस्टर्न, वेस्टर्न की सदर्न? कॅरिबियन क्रूझचा मार्ग कसा ठरतो

डॅलसहून मावसभावाचा फोन. त्याचे आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत, मुलांना नाताळची सुट्टी आहे आणि घरात क्रूझचं वारं शिरलंय. "दादा, सात रात्रींची ईस्टर्न घेऊ की वेस्टर्न? दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाचं झाड."

मी उलट विचारलं, "गॅल्व्हेस्टन बंदर तुझ्यापासून किती लांब?"

"गाडीने पाच तास."

"तिथूनच जायचं असेल तर ईस्टर्नचा विषय संपला."

त्याला वाटलं, दादा कटवतोय. तसं नव्हतं. बहुतेकांचा समज असा असतो की आधी आवडीची बेटं ठरवायची आणि मग तिथे जाणारं जहाज शोधायचं. खरं तर हे गणित उलटं सुटतं. जहाज कुठून सुटतं, किती रात्री आहेत आणि ते ताशी किती किलोमीटर कापतं, हे तीन आकडे मांडले की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. उरलेल्यांतून निवडायचं काम सोपं आहे.

एसटीच्या वेगाने समुद्र

मोठं प्रवासी जहाज तासाला साधारण २० सागरी मैल जातं, म्हणजे ३७ किलोमीटर. घाट चढणाऱ्या लाल एसटीचा वेग. फरक इतकाच की ते रात्रभर कुठेही थांबत नाही. संध्याकाळी पाचला सुटून सकाळी आठला पोचायचं असेल तर मधल्या पंधरा तासांत साडेपाचशे किलोमीटर होतात. पूर्ण दिवस-रात्र चाललं तर ९०० च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

आता नकाशा. कॅरिबियन समुद्राला उत्तरेकडून कुंपण आहे ते चार मोठ्या बेटांचं: क्युबा, जमैका, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक मिळून होणारं हिस्पानिओला, आणि पोर्तो रिको. पोर्तो रिकोच्या पूर्वेकडून लहान बेटांची एक चंद्रकोर खाली व्हेनेझुएलाच्या दिशेने वळते. पश्चिमेला मेक्सिकोचं युकातान, बेलीझ, होंडुरास. दक्षिणेला दक्षिण अमेरिकेचा किनारा आणि त्याच्यापुढे अरुबा, बोनेर, कुरासाव. आणि बहामा? ते या कुंपणाच्या बाहेर, अटलांटिकमध्ये आहे. 'कॅरिबियन क्रूझ' म्हणून विकली जाणारी तीन-चार रात्रींची बहामा फेरी कॅरिबियन समुद्राला पायसुद्धा लावत नाही. त्यात फसवणूक आहे असं नाही, पण माहीत असलेलं बरं.

फ्लोरिडाच्या समोर क्युबा आडवा पडला आहे, बाराशे किलोमीटर लांब. त्यामुळे मायामीहून निघालेल्या जहाजाला ठरवावं लागतं, क्युबाला डावीकडे ठेवायचं की उजवीकडे. पश्चिम टोकाला वळसा घालून खाली उतरलं की वेस्टर्न. क्युबा आणि हिस्पानिओलाच्या उत्तरेकडून पूर्वेला सरकत राहिलं की ईस्टर्न. नावांमागे एवढंच आहे.

मायामी ते मेक्सिकोचं कोझुमेल बेट हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. एक दिवस समुद्रात काढला की पोचलात. मायामी ते पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन मात्र सतराशेच्या वर, म्हणजे जवळपास दोन दिवस. म्हणून सात रात्रींच्या ईस्टर्न मार्गात बहुधा तीन दिवस नुसतं पाणी असतं आणि बंदरं तीन. वेस्टर्नमध्ये त्याच सात रात्रींत बऱ्याचदा चार बंदरं बसतात.

आणि मेक्सिकोच्या आखातावरचं गॅल्व्हेस्टन? तिथून कोझुमेल साडेबाराशे किलोमीटर, म्हणजे मधे एक पूर्ण दिवस समुद्रात. पण तिथून पूर्वेच्या सेंट मार्टेनला जायचं तर साडेतीन हजार किलोमीटर, एका बाजूने चार दिवस. सात रात्रींत जाऊन परत येणं शक्यच नाही. भावाचा प्रश्न असा सुटला. न्यू जर्सीच्या बेयॉन बंदरातून निघणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांचे पहिले दोन दिवस अमेरिकेचा किनारा उतरण्यातच जातात. जानेवारीत पहिल्या दिवशी डेकवर स्वेटर, मफलर आणि वर जहाजाचं डुलणं. विमानाचं तिकीट वाचतं हे खरं. आम्ही एकदा वाचवलं, दुसऱ्यांदा नाही.

कुठे काय मिळतं

पश्चिमेकडे पाण्याखालचं आणि मातीखालचं बघायला मिळतं. युकातानपासून होंडुरासपर्यंत पसरलेली प्रवाळाची भिंत ही ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल जगातली सर्वांत मोठी. कोझुमेल, बेलीझ आणि होंडुरासचं रोआतान बेट तिच्याच अंगाखांद्यावर आहेत. पाण्यात तोंड घालून मासे बघायची हौस असेल तर दुसरीकडे जाण्याचं कारण नाही. जमिनीवर प्राचीन माया लोकांची शहरं आहेत, पण इथे एक गल्लत हमखास होते. चिचेन इत्साचा प्रसिद्ध पिरॅमिड बघायचा तर जहाज प्रोग्रेसो बंदराला लागायला हवं. तिथून बसने एका बाजूला दोन तास. कोझुमेल हे बेट आहे. तिथून आधी फेरीबोटीने मुख्य भूमीवर जायचं, मग पुढे बस. समुद्राकाठचं तुलुम तसं जमतं, चिचेन इत्साच्या वाटेला मात्र जाऊ नये, अर्धा जीव घड्याळात अडकतो. कोस्टा माया बंदरातून चाकचोबेन हे जंगलातलं माया स्थळ तासाभरावर आहे. मला विचाराल तर गर्दी कमी आणि सावली भरपूर, म्हणून ज्येष्ठांना तेच बरं.

ग्रँड केमन आणि जमैका याच बाजूला येतात. जमैकातल्या डन्स रिव्हर धबधब्यावर लोक हाताची साखळी करून पाण्यातून वर चढतात. मुलांना धमाल, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने खाली बसून नारळपाणी प्यावं.

पूर्वेकडे डोंगर, बंदराभोवतीची जुनी गावं आणि खरेदी. सेंट थॉमस हे बेट १९१७ पर्यंत डेन्मार्कचं होतं, अमेरिकेने शेजारच्या डॅनिश बेटांसकट अडीच कोटी डॉलरला विकत घेतलं. रस्त्यांची डॅनिश नावं अजून आहेत, आणि गाड्या अमेरिकेत असूनही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. आपल्या आई-बाबांना पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटतं ते इथे. सेंट मार्टेन १६४८ पासून दोन देशांत वाटलेलं, अर्धं डच, अर्धं फ्रेंच, मधे चौकी नाही. तिथल्या माहो किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला बाकी सगळं विसरायला होतं.

सान हुआनचा एल मोर्रो किल्ला हे माझं पूर्वेकडचं सगळ्यात आवडतं ठिकाण. बांधकामाची सुरुवात १५३९ ची, समुद्राच्या तोंडावर सहा मजली तटबंदी. जंजिरा-सिंधुदुर्ग पाहून मोठा झालेला माणूस तिथे दोन तास सहज रमतो. पण जहाजं सान हुआनला बऱ्याचदा दुपारनंतर लागतात आणि किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो. म्हणजे माहितीपत्रकात किल्ल्याचा फोटो आणि प्रत्यक्षात बंद दार. बेटाचं नाव वाचण्याआधी पोचण्याची वेळ वाचा, असं मी सांगतो ते यासाठी.

दक्षिणेचं गणित वेगळं. फ्लोरिडाहून अरुबा-कुरासावला जायचं तर आठ ते अकरा रात्री हाताशी हव्यात. युक्ती अशी की जहाज सान हुआनहून पकडायचं. तिथून सेंट थॉमस सव्वाशे किलोमीटर, पुढच्या चंद्रकोरीतली बेटं एकमेकांपासून एकेका रात्रीच्या अंतरावर. सात रात्रींत पाच-सहा बेटं होतात, समुद्रातला दिवस एखादाच. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग असल्याने न्यूअर्कहून विमान देशांतर्गत, चार तासांच्या आसपास. फक्त आदल्या दिवशी पोचा, विमानाला उशीर झाला तर जहाज कुणासाठी थांबत नाही.

आणि दक्षिणेत बेटांना चेहरे आहेत. सेंट लुशियाचे पिटॉन म्हणजे समुद्रातून सरळ उठलेले दोन सुळके, २००४ पासून जागतिक वारसा. ग्रेनाडात जायफळाच्या बागा, वास थेट श्रीखंडाची आठवण काढणारा. कुरासावची राजधानी विलेमस्टाड रंगीत डच घरांची, आणि तिथला १८८८ चा लाकडी पूल तराफ्यांवर तरंगतो. बोट आली की माणसांसकट बाजूला सरकतो. बार्बाडोस २०२१ च्या नोव्हेंबरात प्रजासत्ताक झालं, पण आपल्याला ते त्याआधीपासून ओळखीचं आहे, केन्सिंग्टन ओव्हलमुळे. २०२४ चा टी-ट्वेन्टी विश्वचषक भारताने तिथेच जिंकला. ज्यांचं वय सत्तरीपार आहे त्यांना वेस्ट इंडिजमधली १९७१ ची मालिका आठवते. अजित वाडेकरांचा संघ, गावसकरांच्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा. बार्बाडोसच्या त्या कसोटीत मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे १५० आणि गावसकरांचे नाबाद ११७. मैदान बंदरापासून जवळ आहे आणि बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे.

बेटं बघायची असतील तर दक्षिण, जहाज उपभोगायचं असेल तर पूर्व, मासे आणि माया हवे असतील तर पश्चिम. हे माझं मत. पण 'समुद्रातला दिवस वाया गेला' असं धरू नका. माझ्या सासूबाई निघताना म्हणाल्या होत्या, "तीन दिवस नुसतं पाणीच बघायचं?" आल्यावर त्यांनी सांगलीला फोन करून वर्णन केलं ते त्या तीन दिवसांचंच. बेटांवर ऊन होतं आणि चालायचं होतं. जहाजावर कुणीतरी आयता चहा आणून देत होतं, आणि तो देणारा मुलगा म्हापशाचा निघाला. क्रूझवर गोवा आणि मुंबईची पोरं पुष्कळ भेटतात. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वेटरला भेटा. पुढच्या दिवसाची डाळ-भाजी तो आदल्या रात्री विचारून ठेवतो.

हवा

अटलांटिकचा वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही सर्वांत वाईट काळ सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आणि त्याच्या आगेमागे. त्या दिवसांत दर पडलेले असतात ते उगाच नाही. जहाज वादळात सापडेल ही भीती मात्र मनातून काढा. वादळाची वाट दिवस-दिवस आधी कळते आणि जहाज बाजूला काढता येतं. बुडतो तो तुमचा कार्यक्रम. ईस्टर्नचं तिकीट काढलेला माणूस वेस्टर्न फिरून येतो, कारण बंदर बदलण्याचा हक्क कंपनीने करारात स्वतःकडे ठेवलेला असतो. चुकलेल्या बंदराचा कर तेवढा परत मिळतो. २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा आणि मारिया या दोन वादळांनी सेंट मार्टेन, सेंट थॉमस, डॉमिनिका, पोर्तो रिको झोडपून काढली, तेव्हा कित्येक महिने पूर्वेचा मार्गच विस्कटला होता. अरुबा, बोनेर, कुरासाव सहसा वादळांच्या वाटेच्या दक्षिणेला राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरशिवाय सुट्टीच नसेल, तर तिकडे बघा.

वसंत-उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ. २०११ पासून त्याचे ढीग किनाऱ्यांवर यायला लागले. कुजलं की वास सुटतो. तुलुम आणि कोस्टा मायासारख्या पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना त्रास जास्त. कोझुमेलची पश्चिम बाजू, जिथे जहाजं लागतात, ती बरीचशी वाचते.

बोट लागण्याचं म्हणाल तर वारे पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे मायामीहून पूर्वेला जाताना लाटा समोरून येतात आणि जहाज जरा जास्त हलतं. हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट उतरली की मेक्सिकोचं आखातही खवळतं. उपाय सगळीकडे एकच: केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. सर्वांत वरची बाल्कनी फोटोला छान, पोटाला नाही.

वेळापत्रकातल्या बारीक ओळी

बुकिंगच्या पानावर प्रत्येक बंदरापुढे पोचण्याची आणि सुटण्याची वेळ असते. त्यातून दोन तास वजा करा. तासभर उतरण्यात जातो आणि सुटण्याच्या अर्धा तास आधी तरी परत चढायचं असतं. 'सकाळी ७ ते दुपारी १' असं दिसलं तर ते बंदर हिशोबात धरू नका.

मग बघा, जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात उभं राहणार. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटीला मोठी जहाजं लांब नांगर टाकतात आणि लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. चाकाच्या खुर्चीवरच्या आजोबांना ती होडी अवघड. शिवाय वारा वाढला की असं बंदर सगळ्यात आधी रद्द होतं.

घड्याळाचा घोळ वेगळाच. कोझुमेलमध्ये वर्षभर एकच वेळ चालते, फ्लोरिडात उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे जातं. जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर चालत असेल तर किनाऱ्यावरचं घड्याळ एक तास मागे असतं आणि मोबाइल गुपचूप स्थानिक वेळ घेतो. धक्क्यावरून धावत सुटलेली कुटुंबं दिसतात ना, त्यातली काही याच कारणाने. जहाजाच्याच सहलीला गेलेल्यांसाठी जहाज थांबतं, स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी नाही. म्हणून लांबच्या जागी जहाजाची सहल घ्यावी, जवळच्या किनाऱ्यावर आपली आपण टॅक्सी.

यादीत कंपनीचं खासगी बेट असेल तर ते 'देश पाहिला' यात मोजू नका. बहुतेक बहामात असतात. वाळू स्वच्छ, जेवण तिकिटातच, लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील तर सगळ्यात निवांत दिवस तोच जातो. पण तिथे गाव नाही, माणसं नाहीत. आणि जवळजवळ प्रत्येक मार्गावर एखादं परदेशी बंदर दिसतं त्यामागे १८८६ चा अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून प्रवासी घेऊन फिरवून परत आणायचं तर मधे परदेशी बंदर लागावंच लागतं. आणि बहुतेक सगळी मोठी जहाजं बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात.

पासपोर्ट

हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं. भारतीय पासपोर्टवरच्या आई-बाबांना अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज परत येतं तेव्हा तुम्ही अमेरिकेत नव्याने शिरत असता. वैध अमेरिकी व्हिसावर मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही, जमैका आणि बार्बाडोसला भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाच लागत नाही. बाकी बेटांचे नियम एकेकाचे वेगळे. मार्गातल्या प्रत्येक बंदराचं नाव देऊन क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या, फोनवरच्या 'नो प्रॉब्लेम'वर जाऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका काकांना एका बेटाच्या व्हिसापायी धक्क्यावरूनच परत फिरावं लागलं होतं, सामान वर चढलेलं असताना.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची तारीख बघावी. शिक्का संपला असेल तर कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या प्रवासाला जी सवलत मिळते ती कॅरिबियन बेटांना तुम्हाला लागू होत नाही. मार्गात एक जरी बेट असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. आणि 'क्रूझ करून आलं की आई-बाबांना नवे सहा महिने मिळतात' ही आपल्याकडची आवडती कथा आहे. अधिकारी आधीचीच तारीख कायम ठेवू शकतो. परतीचं विमान त्या भरवशावर पुढे ढकलू नका. विम्याचंही असंच. अमेरिकेपुरता काढलेला विमा जहाजावर आणि बेटांवर चालतो का, ते पॉलिसीत शोधा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये आणि तिथल्या तिथे येतं.

मावसभावाने शेवटी गॅल्व्हेस्टनहून सात रात्री घेतल्या: कोझुमेल, रोआतान, कोस्टा माया. केबिन मधल्या भागातलं, चौथ्या मजल्यावर. टिप म्हणून माणशी रोजचे सोळा ते वीस डॉलर वेगळे लागतात, हे कळल्यावर त्याने एकदा पुन्हा फोन केला होता.

नंतरचा फोन काकांचा, म्हणजे त्याच्या बाबांचा. "काय रे, यात बार्बाडोस येतं का?"

"नाही काका. ते सान हुआनहून."

"हं. एकाहत्तर साली रोज सकाळी पेपर उघडून आधी सरदेसाईचा स्कोर बघायचो," एवढं बोलून त्यांनी फोन मावशीकडे दिला. मावशीला विचारायचं होतं, जहाजावर साबुदाणा नेता येतो का.